प्राचीनं मंगळाला हात लावला नाही

भिलाईत आमच्या कोहक्याच्या गल्लीत प्राची लांजेवार हा बरीच वर्षं चर्चेचा विषय होता, आणि हा विषय संपू नये म्हणून आम्ही सगळेच आपापल्या परीनं झटत होतो. मुलगी इंजिनिअर, तिशी ओलांडलेली, नोकरी पुण्याच्या कंपनीची आणि ऑफिस म्हणजे घराची मागची खोली. सकाळी पहिल्या पाळीच्या स्कूटरी स्टील प्लांटकडे धूर सोडत निघून गेल्या की ही बाई वेणीफणी करून, नाश्ता आटोपून, आईला "येते गं" म्हणून मागच्या खोलीत ऑफिसला जाई. समोरच्या मथुराबाईंनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "दार लावून कोणाशी तरी इंग्रजीत भांडते. लग्न कावून जमत नाई ते समजलं मले."

ती मीटिंग असायची. पण मथुराबाईंना हे मी सांगितलं नाही. माणसाकडून करमणुकीची एवढीतेवढी साधनं काढून घेऊ नयेत.

मी लांजेवारांचा जुना शेजारी. त्यांच्याकडे चहाला मला बोलवावं लागत नाही. घरात देवराव, प्लांटमधून रिटायर झालेले क्लार्क, दिवसाला मोजकं बोलणारे; आणि त्यांच्या वाट्याचं उरलेलं सगळं बोलणाऱ्या रमाबाई. प्राची आईसारखी तोंडाळ आणि बापासारखी चिवट निघाली. एकदा मी तिला विचारलं, "पोरी, तू आत बसून करते तरी काय?"

"आबा, कारखान्यांत जुने प्रोग्रॅम असतात. बनवणारे दुकान बंद करून निघून गेलेले असतात. कॉम्प्युटर नवा आला की तो जुन्या प्रोग्रॅमला ओळख देत नाही. मी ओळख करून देते."

"म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळायचं काम."

"म्हातारे परवडले. ते निदान चहावर गप बसतात."

आता या मुलीचं जमलं कुठं, तर मराठी मंडळाच्या गणपतीत. आरतीच्या वेळी मंडळाचा लॅपटॉप रुसला, हिनं तो सुरू केला, आणि शेजारी वायर धरून उभा असलेला नरेश बावनकर आरती संपली तरी वायर सोडेना. नरेश प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला. सरळ मुलगा, हसला की कानापर्यंत लाल होणारा. पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत दोघांचं ठरलं होतं. फक्त एक अडचण होती, आणि तिचं नाव पंचफुलाबाई. म्हणजे नरेशची आई.

पंचफुलाबाईंचं माहेर नागपूरचं. लग्न होऊन भिलाईला येऊन त्यांचे केस पांढरे झाले, पण मनानं त्यांनी सामान अजून सोडलेलं नव्हतं. नागपूरची भाजी चांगली, नागपूरची थंडी खरी, नागपूरच्या मंगल कार्यालयात लग्न लागलं तरच ते लागलं. भिलाईतला सूर्यसुद्धा त्यांना थोडा कमी अस्सल वाटत असावा. त्यांनी प्राचीची पत्रिका मागवली, आणि पत्रिकेत निघाला मंगळ. बाराव्या घरात, चांगला ठळक.

"मंगळी पोट्टी नाई चालत आमाले," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पोरगी गुणाची असन. मंगळ कोणाचा सगा नाई."

प्राचीचा पत्रिकेवर विश्वास नव्हता. पण नरेशवर होता, आणि नरेशचा आईवर होता, आणि आईचा होता शामसुंदर हटवारांच्या मशीनवर. अशी ती साखळी.

शामसुंदर हटवार म्हणजे दुर्ग स्टेशनचे रिटायर्ड बुकिंग क्लार्क, राहणार पद्मनाभपुर. गोंदियापासून दुर्गापर्यंतच्या लाइनीवरच्या सगळ्या मराठी घरांच्या पत्रिका त्यांच्या कॉम्प्युटरमधून निघालेल्या. नागपूरच्या कोण्या एका कंपनीचा प्रोग्रॅम त्यांनी जवानीत विकत घेतला होता. आमच्यात पोराचं बारसं नंतर, आधी शामसुंदरकडे जन्मवेळ. मंगळाला परिहार निघतो का, म्हणजे दोन पत्रिका समोरासमोर ठेवल्या की त्याचा दोष मिटतो का, हेही ते मशीन सांगत असे. पंचफुलाबाईंनी तेवढी एक फट ठेवली होती. "शामभाऊचं मशीन हो म्हणालं तं मी हो म्हणन. मोबाइलवाल्याले आपल्या घरचं काय मालूम?"

आणि नेमकं तेव्हाच मशीननं डोळे मिटले. शामसुंदरच्या मुलानं नवा कॉम्प्युटर आणून दिला, पण जुना प्रोग्रॅम त्याच्यावर उघडताच बंद होई. प्रोग्रॅमला मागं एक बोटभर खुंटी लावायची असे. ती असली तरच तो चालणार, अशी कंपनीची चोरी टाळायची युक्ती. नव्या कॉम्प्युटरला त्या खुंटीचं भोकच नव्हतं. कंपनी तर केव्हाच उठून गेलेली.

आता भिलाई-दुर्गात हे काम येणारी व्यक्ती कोण? प्राची.

रमाबाईंच्या ओट्यावर हे ऐकून मी इतका हसलो की चहा सांडला. जिच्या मंगळाचा निकाल लागायचा तिनंच आधी न्यायाधीश दुरुस्त करायचा! पंचफुलाबाईंना ते कळलं तेव्हा त्या अर्थातच हसल्या नाहीत.

"तिच्या हातात मशीन द्याचं? मंग मंगळाचा बुध नाई का करन ते?"

शेवटी तडजोड झाली. प्राचीनं मशीन सुरू करावं; पण आतला हिशेब जसाच्या तसा राहिला पाहिजे, एक अक्षर इकडचं तिकडं नाही, आणि पंचफुलाबाई शेजारी बसून नजर ठेवतील. रमाबाईंनी आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून मला पाठवलं. मी जायला आढेवेढे घेतले असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

रविवारी सकाळी पद्मनाभपुरात शामसुंदरच्या बैठकीत आमची सभा भरली. टेबलापाशी प्राची. तिच्या कोपराला कोपर लावून पंचफुलाबाई, मांडीवर परात, परातीत वटाण्याच्या शेंगा. शेंगा सोलणार हातांनी, डोळे पडद्यावर. दारापाशी नरेश, आधीच लाल. शामसुंदर आरामखुर्चीत, ऑपरेशनला बायको आत गेल्यासारखा चेहरा करून.

"शामकाका," प्राची म्हणाली, "तुमचा अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करू?"

"अजिबात नाई. माझी पेन्शन आहे त्याच्यात."

"बरं. मग जरा लांबचा रस्ता."

"लांबचा म्हणजे कसा?" पंचफुलाबाईंचं नाक लगेच सावध.

प्राचीनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मला वाटलं आता मुलगी चिडणार. पण जुन्या प्रोग्रॅमांची सवय असलेली ती. कुरकुरणाऱ्याला घाई करायची नसते हे तिला ठाऊक.

"काकू, कोणताही प्रोग्रॅम सगळं काम स्वतः करत नाही. हिशेबासाठी वेगळी फाइल ठेवतो, डीएलएल म्हणतात तिला. जशी लग्नघरी स्वयंपाकाला बाहेरची बाई येते. घर घरवाल्यांचं, हात तिचा. ग्रहांचं सगळं गणित त्या बाईकडे आहे. कंपनीवाल्यांनी चोरी होऊ नये म्हणून तिला प्रोग्रॅमच्या पोटात कोंडून ठेवलं, आणि दारात खुंटीवाला चौकीदार. चौकीदार कामाचा नाही. बाई ठणठणीत आहे."

"मंग काढ न बाहेर तिले."

"काढली की डिस्कवर पाय ठेवल्याबरोबर अँटिव्हायरस गिळते. अनोळखी बाई दिसली, चोर समजली. म्हणून मी तिला डिस्कवर उतरवणारच नाही. तिथून उचलून सरळ मेमरीत बसवते. एरवी हे बसवायचं काम विंडोज करते. त्याचा स्वतःचा लोडर असतो, हमालांचा मुकादमच म्हणा. आज मुकादम मी. लोडर माझा."

"आणि त्या बाईले तू काई शिकवशीन नाई?"

"एक शब्द नाही. बसवीन फक्त. तुम्ही पाहा."

पंचफुलाबाईंनी एक शेंग फोडली. ही परवानगी असावी.

मग मी पाहिलं ते मला समजलं तेवढं सांगतो. प्राचीनं आधी मेमरीत मोकळी जागा मागून घेतली. मग त्या हिशेबाच्या फाइलीचे भाग एकेक करून तिथं नेऊन ठेवले, जसं शिफ्टिंगला भांडी वेगळी, गाद्या वेगळ्या. मग त्या बाईला बाहेरून काय काय लागतं ते पाहिलं. तारीख एकाकडून, घड्याळ दुसऱ्याकडून. विंडोजच्या घरातून हे सगळं मागून आणून तिच्या हाताशी लावलं.

"शेजारपाजारचं उसनं," पंचफुलाबाई म्हणाल्या. त्यांना हे पटलं होतं.

"हो. आणि आता हाक मारायची, की बाई, बसलात का नीट, सुरू करा."

हाक मारली. पडद्यावर काहीतरी चमकलं आणि सगळं धाडकन बंद पडलं.

"मेलं!" पंचफुलाबाई इतक्या आनंदानं म्हणाल्या की चार वटाणे परातीबाहेर उडाले. शामसुंदरनं छातीवर हात ठेवला. नरेशचा लाल रंग उतरून पांढरा झाला.

प्राची पडद्याकडे पाहत राहिली आणि मग स्वतःच्याच कपाळावर टपली मारून हसली. "कोपराला सासू टेकलेली असली की असं होते," ती पुटपुटली. मग मोठ्यानं म्हणाली, "काकू, चूक माझी. एक पायरी विसरले. तुम्ही सेक्टर पाचातून सेक्टर सातला क्वार्टर बदललं होतं न?"

"हाव. नरेश चवथीत होता तवा."

"सगळ्यांना नवा पत्ता कळवला होता?"

"कळवला! गॅसवाल्याले सांगाचं राहून गेलं होतं. सिलिंडर महिनाभर जुन्या घरी. त्या घरच्या बाईनं पोळ्याचं पुरण शिजवलं आमच्या सिलिंडरवर."

"बस, तेच झालं. ही बाई बनली तेव्हा तिनं एक जागा मनात धरली होती, की मी इथंच बसणार. आतमध्ये सगळे पत्ते त्या जागेवरून लिहिलेत: पीठ अमुक ठिकाणी, तवा तमुक ठिकाणी. पण नव्या कॉम्प्युटरवर ती जागा दुसऱ्याला मिळाली. मी तिला पलीकडे बसवलं आणि पत्ते जुनेच राहू दिले. ती तवा घ्यायला गेली तर तिथं कोणाची तरी न्हाणी."

"अगं माय."

"म्हणून जितकी ती सरकली, तितकंच आतल्या प्रत्येक पत्त्याला सरकवायचं. कुठला पत्ता हलवायचा याची यादी बनवणाऱ्यानं सोबतच दिलेली असते. हिशेब तोच, फक्त ठिकाण खरं लिहायचं."

तिनं ती पायरी घातली, पुन्हा हाक मारली, आणि या वेळी बाई बसली. पडद्यावर एक साधी पांढरी खिडकी उघडली: जन्मतारीख, वेळ, आणि खाली दोन रिकामे चौकोन. शामसुंदरचे डोळे भरून आले. तिकडे आतून त्यांची बायको म्हणाली, "झालं का एकदाचं? पोहे थंडे होऊन राहिले."

पोहे आले, खाल्ले. मग प्राचीनं आपली जन्मतारीख टाकली, वेळ टाकली आणि रिकाम्या चौकोनांपाशी थांबली.

"शामकाका, हिला गावाचं नाव समजत नाही. गावांची यादी त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये होती. ही बाई सरळ अक्षांश-रेखांश मागते. काय टाकू?"

"नागपूरचे टाक," शामसुंदर पोहे चावत म्हणाले.

"नागपूरचे कावून?" प्राचीनं विचारलं.

"कावून म्हणजे? यादीत नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, अमरावती होतं. भिलाई नव्हतंच. आपण सारे तं नागपूरचेच."

मी प्राचीकडे पाहिलं. तिचा हात तसाच हवेत.

"काका," ती हळूच म्हणाली, "माझा जन्म इथं भिलाईत, सेक्टर नऊच्या दवाखान्यात झालाय."

"असन न. मी कुठं नाई म्हणतो."

"आणि तुम्ही सगळ्यांच्याच पत्रिकेत नागपूर टाकलं?"

"सारेच टाकते! कोणाले इचारलं, तुमचं गाव कोणतं, तं कोण भिलाई म्हणते? तुझा बाप म्हणते का?"

खरं होतं. देवरावही नागपूरच म्हणतात, जरी तिथं त्यांचं आता एका पानवाल्याशिवाय कोणी ओळखीचं नाही. आमच्या प्रत्येकाच्या पत्रिकेवर जन्मस्थळ नागपूर छापलेलं होतं आणि ते आम्ही वर्षानुवर्षं पाहत होतो. लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसं ते वाटे. त्यावरून कोणी गणपतीला पाहुणा समजतो का?

"यानं फरक पडते का?" दारातून नरेशनं विचारलं. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

उत्तर पंचफुलाबाईंनी दिलं. शेंग हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, "पडते तं काय! सूर्य भिलाईत आधी निघते, नागपुरात मागून. बाई सरकली आन पत्ते जुनेच राहिले. सिलिंडर चाललं न जुन्या घरी!"

मी मनात त्यांना हात जोडले. दोन तासांपूर्वी या बाईला लोडर म्हणजे ट्रकवाला वाटला असता.

शामसुंदरनी चष्मा पुसला, भिंतीवरच्या पंचांगाच्या मागच्या पानावर भिलाईचे अक्षांश-रेखांश शोधले आणि पडेल आवाजात सांगितले. प्राचीनं ते टाकले. तिच्या जन्माच्या वेळचं लग्न, म्हणजे तेव्हा पूर्वेला उगवत असलेली रास, मेषेच्या शेवटाला टेकलेलं होतं. भिलाईचा रेखांश घातला तसं ते उंबरठा ओलांडून वृषभेत गेलं. मंगळ जिथल्या तिथं, पण घरांची मोजणी बदलली. बाराव्यातला मंगळ अकराव्यात.

"अकराव्या घरी मंगळाचा दोष नाई," शामसुंदर म्हणाले. "पोट्टी मंगळी नाई. परिहाराचं कामच नाई."

नरेशनं दाराची चौकट सोडली. मला वाटलं तो नाचणार. पंचफुलाबाईंनी पडदा न्याहाळला, प्राचीची बोटं न्याहाळली, नियमात कुठं खोट सापडते का ते पाहिलं. सापडली नाही. स्वतःच्याच तोंडानं सिलिंडरचा दाखला देऊन बसलेल्या.

"चाला," त्या शेवटी म्हणाल्या. "आता नरेशची बी टाका. त्याचा बी जनम सेक्टर नऊचाच आहे. गुण तं जुळले पाहिजेन."

इथं त्या थांबल्या असत्या तर ही गोष्ट मी तुम्हाला इतक्या चवीनं सांगितली नसती.

नरेशची पत्रिका निघाली. त्याचंही लग्न उंबरठ्यावरच उभं होतं. बहुतेकांचं या फरकानं काही हलत नाही, हे नंतर शामसुंदरनी गावभर शपथेवर सांगितलं. पण देवाला कधी कधी आमच्यासारख्यांची करमणूक करावीशी वाटते. नरेशचा मंगळ नवव्यात होता, बिनधास्त. तो आला आठव्यात.

शामसुंदर खोकले. पुन्हा खोकले.

"बोला न, शामभाऊ."

"वहिनी... पोट्टा मंगळी आहे. आठवा मंगळ. कडक."

पंचफुलाबाईंनी परातीतली शेवटची शेंग सोलली. नरेशनं पुन्हा चौकट धरली. प्राचीनं ओठ दाबून धरले होते, आणि ते कशासाठी ते मला माहीत होतं. मीही माझे दाबूनच बसलो होतो.

पंचफुलाबाईंनी परात बाजूला ठेवली. शामसुंदर पाणी प्यायला आत गेले एवढं पाहून त्या प्राचीकडे झुकल्या आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काहो बाई... तू तं आता सारे पत्ते सटासट सरकवले. एक मंगळ नाई का सरकत?"

माझे कान या वयातही चांगले आहेत.

"सरकते काकू," प्राची तितक्याच हळू म्हणाली. "चुटकीसरशी."

"मंग?"

"मग उद्या तुम्हीच म्हणाल, पोट्टीनं मशीनमध्ये हात घातला."

पंचफुलाबाईंनी परात पुन्हा मांडीवर ओढली. या घरात आपल्याला हरवणारी येऊन राहिली, हे त्यांना तेव्हाच समजलं असावं. आणि त्यांचा चेहरा पाहून मला असं वाटलं की त्यांना ते आवडलं. पण सुटका एवढ्यात नव्हती. आता हो म्हणायचं होतं ते दुसऱ्या बाजूला, आणि तिथं बसल्या होत्या रमाबाई.

कोहक्याला ही बातमी माझ्या तोंडून पोहोचली. माझ्या स्कूटरचा वेग त्या दिवशी जरा जास्त होता, एवढं कबूल. दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई लांजेवारांकडे आल्या, नवी साडी, हातात पेढ्यांचा डबा. रमाबाईंनी कपाटातले चांगले कप काढले, चहा ओतला आणि काही बोलल्या नाहीत. रमाबाई गप्प बसल्यात हे दृश्य पाहायला मथुराबाई समोरच्या ओट्यावरून उठून फाटकापर्यंत आल्या.

"आमची पोरगी निर्दोष," शेवटी रमाबाई म्हणाल्या. "तुमचा पोरगा आठव्या मंगळाचा. सांगा ताई, आता आमी काय कराचं?"

"आई, पुरे न," प्राची म्हणाली. "यार, इतना मत खींचो."

"तू गप. मले वर्षभर ऐकावं लागलं." रमाबाईंनी कप खाली ठेवला. "आमाले मंगळ चालते. आमी असं काई मानत नाई. पण लग्न भिलाईत. नागपूरच्या कार्यालयात नाई. पोरगी इथली, पोरगा इथला, दोघंई सेक्टर नऊचे. तुमचे नागपूरवाले येतीन गाडीत बसून."

पंचफुलाबाईंनी डोळे मिटले. माहेरचं अख्खं नागपूर त्यांच्या पापण्यांमागून सरकून गेलं असेल. कोपऱ्यातले देवराव इतक्या वेळानं बोलले: "गाडी सकाळची बरी पडन."

"हाव," पंचफुलाबाई म्हणाल्या. "भिलाईत."

लग्न मराठी मंडळाच्या हॉलमध्ये लागलं. शामसुंदरचा कॉम्प्युटर आता झकास चालतो, पण सुरुवातीला त्यांच्याकडे लोक यायचे बंद झाले होते. घरोघरी आपली जुनी पत्रिका पुन्हा काढावी की काय, यावर नवराबायकोंत कुजबुज चाले. गुलाबराव काळबांडे एकदा पद्मनाभपुरापर्यंत गेलेही, पण बायकोनं फोन करून परत बोलावलं. "एवढी वर्षं चुकीच्या पत्रिकेवर झाली," ती म्हणाली म्हणे, "आता खरी पाहून काय घर सोडशीन?"

हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीत मी मुद्दाम पंचफुलाबाईंच्या माहेरच्या मंडळींजवळ बसलो. त्यांची नागपूरची वहिनी ठसक्यात म्हणत होती, "इतकं दूर कायले ठेवलं लग्न, पंचफुला? आपलं नागपूर काय वाईट होतं?"

पंचफुलाबाईंनी तिच्या पानात आणखी एक जिलबी वाढली.

"आमचा रेखांश अलग आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "इथं सूर्य लवकर निघते."